अफगाणिस्तानात एक लाख अमेरिकन सैनिक होते, पण ठाण्याबाहेर पडणारे किती?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेने अफगाणिस्तानात सैन्य एक लाखापर्यंत नेलं, तरी वीस वर्षांनी तालिबानच परत आले. सैन्य कमी पडलं का? युद्ध नेमकं कोणत्या वर्षी फिरलं? आणि शेवटचे अडीच हजार सैनिक ठेवले असते तर काबूल वाचलं असतं का?"

मी सैन्यात पुरवठ्याच्या कामातला माणूस. तोफा-बंदुकांपेक्षा पीठ, डिझेल, पाणी आणि रजेची यादी यांच्याशी माझा संबंध जास्त आला. त्यामुळे कुणी "एक लाख सैनिक" म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, त्यातले ठाण्याच्या बाहेर पाऊल टाकणारे किती?

डोंगरातलं शंभर जणांचं एक ठाणं घ्या. दहा-बारा जण रजेवर किंवा रजेच्या वाटेवर. चार-पाच आजारी, कुणी कोर्सला. पहाऱ्याचे चार मोर्चे, प्रत्येकात दोघे, तीन पाळ्या, म्हणजे चोवीस जण तिथेच संपले. वायरलेस, लंगर (स्वयंपाकघर), जनरेटर, दारूगोळ्याचं कोठार, औषधपाणी, हेलिपॅड यांत आणखी डझनभर. बाहेर गेलेली तुकडी अडकली तर धावून जायला दहा-बारांची क्यूआरटी (तातडीच्या मदतीची तुकडी) बूट घालून बसलेली हवी. उरले पस्तीस. तेच पस्तीस रोज बाहेर काढले तर पंधरवड्यात गळून जातील, म्हणून एक दिवसाआड. थोडक्यात, शंभरांच्या ठाण्यातून रोज गस्तीला जातात सोळा-सतरा. आणि हे झालं अगदी पुढच्या ठाण्याचं. त्याच्या मागे बगराम, कंदाहारचा विमानतळ, हेल्मंदमधला कॅम्प लेदरनेक असे अवाढव्य तळ. तिथली कित्येक माणसं सगळा कार्यकाळ कुंपणाच्या आतच काढायची. कंदाहारच्या तळावर पिझ्झा-बर्गरची दुकानंसुद्धा होती. २०१० मध्ये ती बंद करायचा हुकूम निघाला, कारण त्यांचा माल जी जागा आणि जी वाहतूक खात होता ती लढाईच्या सामानाला हवी होती.

पानिपतापासून आपल्याकडे बाजारबुणग्यांना नावं ठेवायची रीत आहे. पण हा सगळा लवाजमा म्हणजे खोगीरभरती नव्हे. त्याच्याविना पुढचे सतरा जण सतरा दिवस टिकणार नाहीत. सांगायचं एवढंच की सैन्याचा आकडा वाढला म्हणून गावात दिसणारी माणसं त्याच पटीत वाढत नाहीत.

आता वर्षांकडे येऊ. ७ ऑक्टोबर २००१ ला हवाई हल्ले सुरू झाले. ९ नोव्हेंबरला मझार-ए-शरीफ पडलं, १३ ला काबूल, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंदाहार. हे जमिनीवर अमेरिकेची मूठभर माणसं असताना झालं. लढणारे प्रामुख्याने तालिबानविरोधी उत्तर आघाडीचे आणि दक्षिणेत काही पश्तून टोळ्यांचे होते, वर अमेरिकन विमानं. या स्वस्तात मिळालेल्या विजयाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या डोक्यात पक्कं बसलं की थोडक्या माणसांत भागतं. लगेच तोरा बोरात त्याची किंमत मोजावी लागली. ओसामा बिन लादेन त्या डोंगरांत होता, आणि तिथे अमेरिकेचे कमांडो होते शंभराच्या आत. पाकिस्तानकडच्या वाटा अडवायला आणखी सैन्य द्या, ही मागणी मान्य झाली नाही. तो निसटला.

पण तोरा बोराबद्दल सगळेच लिहितात. मला त्यापुढची तीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण त्या काळात काही घडलं नाही असं सगळ्यांना वाटत होतं. आंतरराष्ट्रीय शांतिसेना फक्त काबूल शहरापुरती होती. तिला बाहेर जाऊ देणारा सुरक्षा परिषदेचा ठराव आला ऑक्टोबर २००३ मध्ये, म्हणजे तालिबान पळाल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी. १ मे २००३ ला रम्सफेल्ड यांनी काबूलमध्ये मोठ्या लढाया संपल्याचं जाहीर केलं. त्या वेळी देशात अमेरिकन सैनिक होते जेमतेम आठ हजार. हा देश महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश विमानवाहू जहाजावर उभं राहून इराकबद्दल तशीच घोषणा करत होते, आणि इराकमध्ये त्याच्या कितीतरी पट सैन्य उतरलं होतं. हेलिकॉप्टर, टेहळणीची विमानं, भाषा जाणणारे लोक, चांगले अधिकारी, सगळं तिकडे वळलं.

ही वर्षं गावागावांत मोकळी होती. तालिबानचे साधे लढवय्ये घरी परतले होते आणि नव्या सरकारशी जुळवून घेता येतं का, याची वाट पाहत होते. त्यांच्या वाट्याला आले जुने सरदार, पोलिसांच्या गणवेशातले वसुली करणारे, आणि खोट्या खबरीवरून रात्री दार फोडणाऱ्या तुकड्या. तेव्हा जिल्ह्याच्या गावी शिस्तीचं एखादं छोटं ठाणं आणि वेळेवर पगार मिळणारे पोलिस असते तर पुढे लाखाची वेळ आली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे. माझ्या मते पहिलं आणि सगळ्यांत मोठं वळण हेच. सैन्यसंख्येच्या आलेखात ते दिसतच नाही. तिथली रेघ सपाट आहे.

२००६ मध्ये ब्रिटिश दक्षिणेतल्या हेल्मंद प्रांतात गेले, साधारण ३,३०० जण. हेल्मंद म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पावणेचारपट. वरचा हिशेब लावा: इंजिनिअर, वैद्यक, हेलिकॉप्टरवाले, मुख्यालय वजा जाता लढणारं पायदळ उरलं काही शेकडा. बेत असा होता की प्रांताची राजधानी लष्करगाहच्या आसपासचा पट्टा नीट धरायचा आणि हळूहळू पसरायचं. पण जिल्ह्याची गावं तालिबानच्या हाती जातील म्हणून प्रांताच्या गव्हर्नरने हाकाटी केली, आणि सांगीन, मुसा कला, नवझाद अशा ठिकाणी प्लॅटूनएवढ्या तुकड्या जाऊन बसल्या. एक इमारत, छतावर वाळूच्या गोण्या, चारी बाजूंनी वेढा, रसद हेलिकॉप्टरने आणि तीही जीव मुठीत धरून. या तुकड्या शौर्याने लढल्या, त्यात वादच नाही. पण आतल्या तीस-चाळीस जणांना वाचवायला विमानातून बॉम्ब टाकावे लागले आणि ज्या बाजारपेठेचं रक्षण करायला गेले ती बाजारपेठच जमीनदोस्त झाली. एकट्या सांगीनमध्ये शंभराहून अधिक ब्रिटिश सैनिक पडले. माणसं थोडी असली की ती वाचवायला दारूगोळा जास्त लागतो, आणि दारूगोळा जास्त झाला की शत्रूला नवे भिडू मिळतात. हे चक्र सुरू झाल्यावर सैन्य वाढवणं भागच पडलं.

ओबामा जानेवारी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेचे सुमारे ३२,००० सैनिक तिथे होते. फेब्रुवारीत आणखी १७,००० मंजूर झाले. उन्हाळ्यात जनरल मॅक्रिस्टल यांना नेमलं, त्यांनी पाहणी करून साधारण ४०,००० जादा मागितले. बऱ्याच बैठका झाल्या आणि १ डिसेंबर २००९ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ओबामांनी निर्णय सांगितला: ३०,००० जास्त पाठवतो, आणि अठरा महिन्यांनी, जुलै २०११ पासून, ते परत यायला लागतील.

याला मी दुसरं वळण म्हणतो. सैन्य वाढलं म्हणून नाही. वाढीचा आकडा आणि परतीची तारीख एकाच भाषणात आली म्हणून. राजकारणाच्या बाजूने पाहिलं तर तारखेला अर्थ होता. अमेरिकन लोक कंटाळले होते, मंदीत खर्च झेपत नव्हता, आणि अफगाण सरकारला "आता तुमचं तुम्ही बघा" हे सांगायचंच होतं. पण गावातल्या माणसाने काय ऐकलं? हे जाणार आहेत. मग यांच्याशी उघड बोलून उद्या कुणाच्या तावडीत सापडायचं? परक्या सैन्याला खबर देणारा माणूस आपल्या मुलाबाळांच्या जिवाचा जुगार खेळत असतो. तारीख कळल्यावर तो खेळायला कोण बसेल?

त्यातही वाढीव सैन्य गेलं कुठे ते पाहा. मरीन्सचा (अमेरिकेच्या वेगळ्या लढाऊ दलाचा) मोठा भाग हेल्मंदला उतरला, कारण त्यांना स्वतःचं सलग क्षेत्र, स्वतःची विमानं, स्वतःची फळी हवी होती. शेजारी कंदाहार शहर, तालिबानचं जन्मस्थान, दक्षिणेची किल्ली. तिथे सुरुवातीला सैन्य विरळच राहिलं. फेब्रुवारी २०१० मध्ये हेल्मंदमधल्या मरजावर अमेरिकन, ब्रिटिश आणि अफगाण मिळून जवळपास १५,००० जणांची मोहीम काढली. मरजा म्हणजे कालव्यांच्या जाळ्यात विखुरलेली वाड्या-वस्त्यांची शेती. मोठं शहर नव्हे. ती जागा काही दिवसांत हाती आली, पण तिथे बसवायला आणलेलं सरकार टिकेना आणि रात्रीच्या धमक्या थांबेनात. एवढं बळ एका तालुक्याएवढ्या भागात ओतल्यावर उरलेल्या देशाला काय उरणार?

अमेरिकन सैन्याच्याच २००६ च्या नियमपुस्तिकेत बंडखोरीविरुद्ध दर हजार लोकांमागे किमान वीस सुरक्षा जवान लागतात असा ढोबळ ठोकताळा आहे. अफगाणिस्तानची लोकसंख्या तीन कोटींच्या घरात धरली तर सहा लाख झाले. २०१० च्या ऑगस्टपासून अमेरिकेचे एक लाख, मित्रदेशांचे चाळीस हजारांच्या आसपास, आणि अफगाण फौज-पोलिस वाढवून ठरवलेलं उद्दिष्ट ३,५२,०००. कागदावरची बेरीजही पाच लाखांच्या आत राहते. त्यात अफगाण हजेरीपटावरची कितीतरी नावं नुसती नावंच होती. पगार उचलला जायचा, माणूस दिसायचा नाही. तरीही मी या ठोकताळ्याच्या फार आहारी जात नाही. सहा लाख चोख माणसं असती आणि जिल्हाधिकारी लाचखोर असता तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता.

चढता काळ मोजकाच टिकला. २०१० मध्ये अमेरिकेचे जवळपास ५०० सैनिक मारले गेले, संपूर्ण युद्धातलं हे सगळ्यांत वाईट वर्ष. २ मे २०११ ला बिन लादेन अबोटाबादेत मारला गेला, आणि जूनमध्ये ओबामांनी उतरणीचं वेळापत्रक वाचून दाखवलं. सप्टेंबर २०१२ पर्यंत आकडा ६८,००० वर आला, २०१५ च्या सुरुवातीला ९,८०० च्या आसपास.

व्हिएतनाममध्येही असंच झालं होतं. तिथे अमेरिकन सैन्याचा उच्चांक ५,४३,४०० हा एप्रिल १९६९ चा. पण युद्ध फिरवणारा कम्युनिस्ट फौजांचा टेटचा हल्ला झाला जानेवारी १९६८ अखेर, आणि त्याच मार्चमध्ये जनरल वेस्टमोरलंड यांची आणखी दोन लाखांची मागणी फेटाळून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन वाटाघाटींकडे वळले. मन बदलल्यावरही वर्षभर आकडा चढत राहिला, कारण आधी सुटलेल्या तुकड्या बोटीत बसलेल्या असतात. म्हणून आलेखाचं शिखर पाहून "इथे युद्ध फिरलं" म्हणणं फसवं असतं.

या सगळ्या काळात पोटाची वाट पाकिस्तानातून जात होती. कराचीला माल उतरायचा, तिथून ट्रकने तोरखम किंवा चमन या सीमानाक्यांमार्गे वर. ज्यांच्या सीमेपलीकडे तालिबानचे नेते निवांत बसले होते त्यांच्याच रस्त्यावरून आपलं डिझेल आणायचं! नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला येथे अमेरिकन हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक ठार झाले आणि पाकिस्तानने फाटक लावलं ते थेट जुलै २०१२ ला उघडलं. तोवर रशिया आणि मध्य आशियामार्गे उत्तरेची लांबलचक वाट वापरली, खर्च कितीतरी वाढला. जितकं सैन्य जास्त, तितकी पाकिस्तानची मनधरणी जास्त. एक लाखाच्या आकड्याची ही बाजू टीव्हीवरच्या चर्चांत क्वचितच येते.

२०१५ नंतरचा काळ आकडे चोरण्याचा. वॉशिंग्टनने कमाल मर्यादा घालून दिली की खाली तिला पळवाटा शोधल्या जातात. कुठल्याही सैन्यात हेच होईल. थोड्या मुदतीसाठी आलेले लोक मोजायचे नाहीत अशी सोय काढली. ऑगस्ट २०१७ मध्ये पेंटागॉनने स्वतःच मान्य केलं की अधिकृत आकडा ८,४०० असला तरी प्रत्यक्षात ११,००० जण तिथे आहेत. यापेक्षा मला खटकते ती दुसरी युक्ती. हेलिकॉप्टरची पलटण पाठवताना वैमानिक पाठवायचे आणि त्यांचे मेकॅनिक मायदेशी ठेवायचे, म्हणजे डोकी कमी भरतात. हेलिकॉप्टर दुरुस्तीला तिथे कंत्राटदार घ्यायचे. तिकडे मायदेशी राहिलेल्या मेकॅनिकचा सराव तुटतो आणि इकडे बिल फुगतं. शंभर माणसांच्या कंपनीचं खातं असं मांडलं असतं तर कुणाही सुभेदार साहेबांनी कान उपटले असते.

याच कंत्राटदारांवर पुढे अख्खी अफगाण फौज टेकवली गेली. अफगाण वायुदलाकडे पूर्वी रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टर होती, ती त्यांच्या मेकॅनिकांना बरीचशी सांभाळता यायची. त्या जागी अमेरिकन ब्लॅक हॉक दिली. त्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांच्या हाती होती. आणि अफगाण कमांडोंची दूरदूरची ठाणी जगत होती ती त्याच हेलिकॉप्टरांवर: कुमक, पाणी, काडतुसं, जखमी.

आता दोहा. २९ फेब्रुवारी २०२० ला ट्रम्प सरकारने तालिबानशी करार केला. चौदा महिन्यांत परदेशी सैन्य जाणार, आणि सैन्याबरोबर प्रशिक्षक, सल्लागार, खासगी सुरक्षा कंत्राटदारही जाणार. काबूलचं सरकार या कराराला बसलंच नव्हतं, तरी तालिबानचे ५,००० पर्यंत कैदी सोडायची अट त्याच्या माथी आली. त्यानंतर तालिबानने अमेरिकनांवर गोळी झाडायचं थांबवलं आणि अफगाण सैनिकांवरची वाढवली. हा अफगाण सैनिक आधीच थकलेला होता. राष्ट्राध्यक्ष अशरफ घनी यांनी जानेवारी २०१९ मध्येच सांगितलं होतं की त्यांच्या कारकिर्दीत ४५,००० हून अधिक अफगाण सुरक्षा जवान मारले गेले आहेत. "हे लढलेच नाहीत" म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन सैनिक राहिले २,५००, पण कंत्राटदार होते सुमारे १७,०००. १४ एप्रिलला बायडेन यांनी सगळं सैन्य काढायचं जाहीर केलं. सर्वांच्या नजरा २,५०० वर होत्या. माझ्या मते खरा घाव बसला तो १७,००० निघाल्यावर. हेलिकॉप्टर जमिनीवर बसायला लागली, जी उडत होती त्यांच्यावर दुप्पट भार पडला, आणि ठाण्यांवर पाणी-काडतुसं पोहोचेनाशी झाली. जुलैच्या सुरुवातीला बगराम रातोरात रिकामं झालं. भुकेल्या ठाण्यांवर गावची वडीलधारी मंडळी तालिबानचा निरोप घेऊन यायची: हत्यारं ठेवा, घरी जा, कुणी हात लावणार नाही. ज्याच्याकडे चार मॅगझिन उरली आहेत आणि ज्याला महिनोन्महिने पगार नाही, तो काय करणार? ६ ऑगस्टला प्रांताची पहिली राजधानी पडली ती झरंज. भारताच्या सीमा रस्ते संघटनेने बांधलेला २१८ किलोमीटरचा झरंज-देलाराम रस्ता याच गावातून निघतो. तिथून काबूल पडायला नऊ दिवस लागले.

म्हणून तिसरं वळण मी दोहाला धरतो. बायडेन यांनी ज्या घाईने आणि ज्या पद्धतीने ते अमलात आणलं त्याचा दोष त्यांच्याकडे जातोच.

आता शेवटचा प्रश्न, अडीच हजार ठेवले असते तर. मध्य आशिया आणि आखात सांभाळणारे जनरल मॅकेन्झी यांनी तेवढे ठेवायचाच सल्ला दिला होता, तसं त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये सिनेटसमोर सांगितलं. उलट बाजूचं म्हणणं असं की तालिबान शांत होते ते अमेरिका निघणार म्हणून. अमेरिका करार मोडून राहिली असती तर हल्ले सुरू झाले असते आणि अडीच हजारांना वाचवायला आणखी पाठवावे लागले असते. मला हे दुसरं म्हणणं बरोबर वाटतं, पण अर्धवट. कारण आपल्याकडे याच देशातला दाखला आहे. सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ ला गेलं. सोव्हिएतांच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लांचं सरकार महिन्या-दोन महिन्यांत कोसळेल असं भल्याभल्यांनी धरलं होतं. मार्चमध्ये त्या सरकारविरुद्ध लढणारे मुजाहिदीन जलालाबादवर तुटून पडले आणि हात हलवत परतले. एकही सोव्हिएत पलटण नसताना नजीब तीन वर्षं टिकले, कारण मॉस्कोहून इंधन, धान्य, दारूगोळा, पैसा आणि थोडे सल्लागार येत राहिले. ते १९९१ अखेर थांबलं आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये काबूल पडलं.

तेव्हा माझं उत्तर असं: नुसते २,५०० ठेवून कंत्राटदार काढले असते तर शेवट बहुधा तोच, फार तर थोडा उशिरा. सैनिक काढून मेकॅनिक, सुटे भाग, इंधन आणि पगाराचा पैसा चालू ठेवला असता तर काबूल, हेरात, मझार, कंदाहार ही शहरं काही वर्षं सरकारकडे राहिली असती असं मला वाटतं. खेडी नसती राहिली, ती आधीच गेली होती. पण त्या मेकॅनिकांचं रक्षण कुणी करायचं, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी बगरामसारखा एक तळ आणि काही हजार सैनिक लागलेच असते. शेवटी नुसती माणसं विमानात बसवायलासुद्धा अमेरिकेला ऑगस्टमध्ये पाच-सहा हजार सैनिक काबूलच्या विमानतळावर परत उतरवावे लागले.